क्लाइव्ह म्हणजे कडा

मी आज तुमच्याशी बोलतोय ते गुम्मिडिपूंडीहून. चेन्नईच्या उत्तरेला साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर, तिरुवळ्ळूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. चेन्नईची लोकल इथपर्यंत येते, कोलकात्याकडे जाणारा महामार्ग इथून जातो आणि पुढे थोड्याच अंतरावर आंध्र सुरू होतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत मी नोकरी करतो. आपल्या महाराष्ट्रातले बरेच लोक इकडे आहेत. कुणी कारखान्यात आहे, कुणी बाजारपेठेत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी तर दक्षिणेतल्या कुठल्याही गावात भेटतील, तशी इथेही भेटतात.

आजचा विषय मला माझ्या मुलाने दिला. तो आठवीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात रॉबर्ट क्लाइव्हचा धडा होता. वाचता वाचता त्याने विचारलं, "बाबा, आपण डोंगरे म्हणजे डोंगरातले. मग क्लाइव्ह म्हणजे काय?"

मला उत्तर येत नव्हतं. शोधायला लागलो तेव्हा कळलं, क्लाइव्ह म्हणजे कडा. डोंगराचा कडा. म्हणजे आमच्या आणि त्याच्या आडनावाचं गोत्र एकच! आणि गंमत अशी, की आम्ही दोघंही येऊन पडलो ते या सपाट मुलखात. गुम्मिडिपूंडीच्या पूर्वेला पुलिकतचं खारं सरोवर, त्याच्या पलीकडे समुद्र. मध्ये भातशेती आणि ताडाची झाडं. जमीन कशी, तर भाकरीच्या तव्यासारखी. इथे कडा शोधायचा तर कारखान्याच्या गच्चीवरच जावं लागेल.

तर आज आपण या एका इंग्रजी आडनावाची गोष्ट ऐकू. ते कुठे जन्मलं, भारतात कसं आलं, एका मराठी आडनावाला कसं भेटलं, आणि शेवटी त्याच घराण्यातल्या थोरल्या पातीने ते का टाकून दिलं.

जमिनीतून उगवलेली आडनावं

आडनावं सगळीकडे साधारण चार वाटांनी येतात. बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि जागेवरून. इंग्रजीत जॉनचा मुलगा जॉन्सन, लोहारकाम करणारा स्मिथ, बळकट दंडाचा आर्मस्ट्राँग आणि टेकडीवर राहणारा हिल. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी, देशमुख ही कामावरून आणि वतनावरून आली. वाघमारे, ढमढेरे ही टोपणनावाच्या घरातली. आणि जागेवरची तर विचारूच नका. गावाला 'कर' लावला की झालं आडनाव. पण त्यातही एक लहान गट असा आहे, ज्याच्या पोटात गाव नाही, थेट जमिनीचा आकार आहे. डोंगरे, पठारे, टेकाडे. दरेकर हे दरे नावाच्या गावावरून आलं, पण ते गावाचं नाव मुळात दऱ्यावरून पडलेलं.

इंग्लंडमध्ये सुरुवातीला सामान्य माणसाला आडनाव नव्हतंच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या सरदारांना जहागिरीवरून नावं होती. ती पद्धत हळूहळू खाली झिरपली. पण खरा रेटा आला तो कागदाचा. कर वसूल करायचा तर गावातल्या पाच जॉनपैकी नेमका कुठला जॉन, हे कारकुनाला लिहावं लागतं. १३७७, १३७९ आणि १३८१ असे तीन वेळा डोईपट्टी वसूल केली गेली, तिच्या याद्यांमध्ये ही नावं ओळीने दिसतात. चौदावं शतक संपेपर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांची आडनावं ठरून गेली होती.

कारकून लिहायचा कसा? 'ॲटे' हा शब्द वापरून. ॲटे म्हणजे 'च्या पाशी'. रानापाशी राहणारा जॉन म्हणजे जॉन ॲटे वुड. पुढे त्याचं झालं ॲटवुड, किंवा नुसतं वुड. टेकडीच्या खाली राहणारा अंडरहिल. पाण्याच्या कडेला राहणारा बायवॉटर. एक तर फारच मजेदार आहे. 'ॲश' नावाच्या झाडापाशी राहणारा, तो 'ॲटेन ॲश'. बोलता बोलता ॲटेनचा शेवटचा 'न' पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि आडनाव झालं नॅश. म्हणजे नॅश या आडनावात झाड तर आहेच, शिवाय 'पाशी' या शब्दाचं एक अक्षर त्या झाडाला कायमचं चिकटून राहिलं आहे.

कडा आणि कड्याला

आता क्लाइव्हकडे येऊ. जुन्या इंग्रजीत कड्याला शब्द होता 'क्लिफ'. तो आजही आहे. मग क्लिफचं क्लाइव्ह कसं झालं? इथे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडे सामान्यरूप आहे. 'कडा' हा शब्द प्रत्यय लागायच्या आधी बदलतो. कडा, पण कड्याला, कड्याशी, कड्यावर. जुन्या इंग्रजीतही असंच होतं. कर्ता असेल तर 'क्लिफ'. पण 'कड्यापाशी' म्हणायचं असेल तर शेवटी एक स्वर यायचा, 'क्लिफे'. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'फ' इंग्रजीत मऊ पडून 'व्ह' होतो. शाळेत आपण घोकलेलं आठवा. नाइफ, नाइव्ह्ज. वाइफ, वाइव्ह्ज. लीफ, लीव्ह्ज. हा तोच नियम.

म्हणजे 'कड्यापाशी' या रूपातली शेवटची टोकं झिजली आणि जे उरलं ते गावाचं नाव झालं, क्लाइव्ह. दुसऱ्या काही ठिकाणी तेच क्लीव्ह झालं. क्लिफ, क्लिफ्ट, क्लाइव्ह, क्लीव्ह ही सगळी एकाच कड्याची लेकरं. आपल्याकडे एखाद्या घराण्याचं आडनाव 'कडे' असं न पडता 'कड्या' असं पडावं, तसा हा प्रकार आहे.

या शब्दाचं खटलं फार मोठं आहे. सटक्लिफ म्हणजे दक्षिणेकडचा कडा. क्रिकेटच्या जुन्या दर्दींना इंग्लंडचा सलामीवीर हर्बर्ट सटक्लिफ आठवत असेल. क्लीव्हलंड म्हणजे कड्यांचा मुलूख. यॉर्कशरमधला हा भाग, त्यावरून आडनाव, आणि त्या आडनावाच्या एका माणसाच्या नावाने अमेरिकेत ओहायोत शहर वसलं. आणखी एक नाव आहे रॅडक्लिफ, म्हणजे तांबडा कडा. ते लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

ज्या क्लाइव्ह गावावरून हे घराणं नाव लावतं, ते आहे इंग्लंडच्या चेशर परगण्यात, विन्सफर्डजवळ. मी मुलाला नकाशा उघडून दाखवला. त्याला वाटलं होतं, कोकणकडा असेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेलं आहे आम्ही. पण चेशर हा बऱ्यापैकी सपाट, दूधदुभत्याचा मुलूख. तिथे 'क्लिफ' म्हणजे नदीकाठचा चढ, फार तर दरड. जुन्या इंग्रजीत त्या शब्दात समुद्रावरचा ताशीव कडाही यायचा आणि साधा उतारही. पोरगा म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं."

मी म्हटलं, तसं नाही रे. सपाट मुलखात लहानसा चढही खूण होतो. जिथे सगळेच डोंगरात राहतात, तिथे डोंगरे हे आडनाव कशाला पडेल? वेगळं दिसतं त्यालाच नाव मिळतं.

मद्रासचा कारकून

क्लाइव्ह घराणं चेशरमधून शेजारच्या श्रॉपशरमध्ये सरकलं. तिथे स्टाइच नावाची जहागीर सातव्या हेन्री राजाच्या काळापासून त्यांच्याकडे होती. कडा मागे राहिला, नाव बरोबर आलं. त्या स्टाइचच्या वाड्यात २९ सप्टेंबर १७२५ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. बाप वकील, जमीन होती पण पैसा बेताचा. पोरगं उनाड. मार्केट ड्रेटनच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून, बाहेर आलेल्या दगडी मुखवट्यावर हा बसला होता, अशी गोष्ट त्या गावात सांगतात. खरी असो वा नसो, आडनावाला शोभते.

घरच्यांनी त्याला ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनाच्या जागेवर चिकटवलं. १७४३ मध्ये तो निघाला. जहाज वाटेत ब्राझीलला अडकलं, तिथे काही महिने गेले आणि जून १७४४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो मद्रासला उतरला. कंपनीच्या कारकुनाचा पगार वर्षाला पाच पौंड. ओळखीचं कुणी नाही, हवा सोसत नाही, जवळ पैसा नाही. त्या दिवसांत त्याने पिस्तूल डोक्याला लावलं, दोनदा चाप ओढला आणि दोन्ही वेळा बार उडाला नाही, ही कथा त्याच्या प्रत्येक चरित्रात येते.

मी एका रविवारी मुलाला घेऊन चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये गेलो. तिथे सेंट मेरी चर्च आहे, १६८० सालचं. १८ फेब्रुवारी १७५३ रोजी त्याच चर्चमध्ये क्लाइव्हचं लग्न झालं, मार्गारेट मॅस्केलिनशी. जवळच क्लाइव्ह हाऊस नावाची इमारत आहे. मुळात ती एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या मालकीची, क्लाइव्ह तिथे भाड्याने राहिला. आज तिथे पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. भाडेकरूचं नाव इमारतीला राहिलं, मालकाचं राहिलं नाही. मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्यांना यात थोडा दिलासा मिळायला हरकत नाही.

कड्याला घोरपड भेटते

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग.

१७५१ साली कर्नाटकच्या नबाबीसाठी दोन पक्ष भांडत होते. फ्रेंचांच्या पाठिंब्यावर चंदासाहेब, इंग्रजांच्या पाठिंब्यावर महंमद अली. चंदासाहेबाने महंमद अलीला त्रिचनापल्लीत कोंडला. तो वेढा सैल करायचा, तर चंदासाहेबाच्या राजधानीवर, अर्काटवर हात टाकायचा, हा बेत ठरला. पंचवीस वर्षांच्या क्लाइव्हने दोनशे गोरे आणि तीनशे देशी शिपाई घेऊन अर्काट काबीज केलं. मग चंदासाहेबाचा मुलगा रझासाहेब मोठी फौज घेऊन आला आणि क्लाइव्हच आत अडकला. पन्नास दिवस वेढा चालला.

त्या वेळी गुत्तीकर मुरारराव घोरपडे आपले स्वार घेऊन जवळच थांबले होते. सेनापती संताजी घोरपड्यांच्या घराण्यातले हे मुरारराव. दक्षिणेत तेव्हा त्यांच्या घोडदळाचा धाक असा, की ते कुठल्या बाजूला उतरतात यावर लढाईचा रंग ठरायचा. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली जिंकली, तेव्हा ती सांभाळायला दिली होती ती याच मुराररावांकडे. मुरारराव इंग्रजांच्या मदतीला येताहेत, ही बातमी कळल्यावर रझासाहेबाने घाई केली. १४ नोव्हेंबर १७५१ रोजी, मोहरमच्या दिवशी, त्याने निकराचा हल्ला चढवला. तो फसला आणि वेढा उठला. पुढच्या महिन्यात आरणीच्या लढाईत मुराररावांचे मराठे स्वार क्लाइव्हच्या बाजूने लढले.

आता घोरपडे हे आडनाव कसं आलं? मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा अशी सांगते, की हे मूळचे भोसले. बहमनी काळात, महमूद गवानच्या कोकणातल्या मोहिमेत, खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, घ्यायचा होता. कडा ताशीव. तेव्हा घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला वर सोडलं आणि त्या दोरावरून माणसं चढली. त्या पराक्रमाबद्दल 'राजा घोरपडे बहादूर' असा किताब मिळाला आणि तेच आडनाव झालं. घोरपडीला माणसाचं वजन पेलतं का, यावर अभ्यासकांनी भरपूर शंका घेतल्या आहेत. पण आपण इथे किल्ला चढत नाही, आडनाव वाचतो आहोत.

म्हणजे बघा. एक आडनाव ज्याचा अर्थच कडा. दुसरं आडनाव कडा चढल्याबद्दल मिळालेलं. चेशरच्या उतारावरून निघालेलं एक आणि सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेलं दुसरं. दोघं भेटले ते तमिळ मुलखातल्या एका सपाट मैदानी शहराच्या वेशीवर. त्या दोघांना एकमेकांच्या आडनावाचा अर्थ माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. माहीत असता तर कदाचित मराठ्यांनी हा कडाही वेळेत चढून घेतला असता. मुरारराव पुढे लवकरच फ्रेंचांच्या बाजूला गेले. शेवटी हैदरअलीने १७७६ मध्ये गुत्ती घेतली आणि त्यांचा अंत कैदेत झाला. क्लाइव्ह मात्र अर्काटहून वर चढत गेला.

पळसाचं गाव आयर्लंडमध्ये

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. २३ जून १७५७, प्लासी. १७६५ मध्ये बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी. आणि १७७० चा बंगालचा दुष्काळ, ज्यात कंपनीचा सारा थांबला नाही आणि माणसं लाखांनी मेली. दुष्काळ पडला तेव्हा क्लाइव्ह इंग्लंडला परतलेला होता, पण सारा गोळा करायचं ते यंत्र त्याने उभं केलेलं होतं. 'लूट' हा आपला शब्द इंग्रजीत गेला तो याच काळात.

आपण मात्र नावाच्याच मागे राहू. १७६२ मध्ये क्लाइव्हला आयर्लंडच्या सरदारवर्गात जागा मिळाली. किताब होता, प्लासीचा बॅरन क्लाइव्ह. प्लासी म्हणजे बंगालमधलं पलाशी. पलाश म्हणजे आपला पळस. म्हणजे किताबाचं भाषांतर केलं तर होतं, पळसगावचा कडे! आयर्लंडमध्ये लिमरिक शहराजवळ आजही प्लासी नावाचा भाग आहे आणि तिथे विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, की आपल्या पत्त्यात नदिया जिल्ह्यातला पळस फुलला आहे? त्या मातीत पळस उगवत नाही. नाव उगवलं.

मायदेशी क्लाइव्हची चौकशी झाली. पार्लमेंटमध्ये त्याच्या संपत्तीवर वाद झाला. तो सुटला, पण सावरला नाही. २२ नोव्हेंबर १७७४ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मोर्टन से या त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्याला पुरलं, पण जागेवर नाव घातलं नाही. आज तिथे एक लहान पाटी आहे. पण नेमका कुठे पुरला, त्याची खूण नाही.

आडनाव टाकून दिलं

आणि आता गोष्ट उलटते.

रॉबर्टचा मुलगा एडवर्ड क्लाइव्ह १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नई बंदराच्या बाजूला क्लाइव्ह बॅटरी म्हणून भाग आहे. गुम्मिडिपूंडीहून लोकलने बीच स्टेशनला उतरलं की जवळच. एडवर्डची बायको हेन्रिएटा ही वेल्समधल्या पॉविस किल्ल्याच्या हर्बर्ट घराण्यातली. तिच्या भावाला मूल नव्हतं. त्याने मृत्युपत्रात भाच्याला मालमत्ता दिली, पण अट घातली, आडनाव हर्बर्ट लावायचं. १८०७ मध्ये थोरल्या नातवाने राजाची परवानगी घेऊन क्लाइव्ह हे नाव सोडलं आणि तो हर्बर्ट झाला. धाकट्या पातीत क्लाइव्ह राहिलं, पण मुख्य घराण्यातून गेलं.

म्हणजे ज्या नावासाठी अर्काट झालं, प्लासी झाली, ते नाव नातवाने किल्ल्याच्या बदल्यात दिलं. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा आडनाव बदलतो, तसंच. भारतातून नेलेल्या क्लाइव्ह घराण्याच्या वस्तू, टिपू सुलतानचा तंबूसुद्धा, आज त्या पॉविसच्या किल्ल्यात आहे. वस्तू ठेवल्या, नाव सोडलं.

पण नाव मेलं नाही. ते दुसऱ्या दाराने आलं. इंग्लंडमध्ये लोक पोरांचं पाळण्यातलं नावच क्लाइव्ह ठेवू लागले. १८५३ ते १८५५ या काळात, कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेची 'द न्यूकम्स' ही कादंबरी क्रमशः आली. तिच्या नायकाचं नाव क्लाइव्ह. तिथून हे नाव साम्राज्यभर पसरलं. आपल्याकडे बाजीराव किंवा तानाजी ठेवतात ना, तसं.

आणि ३१ ऑगस्ट १९४४ रोजी ब्रिटिश गयानाच्या जॉर्जटाउनमध्ये एका आफ्रिकन वंशाच्या घरात मुलगा जन्मला. त्याचं नाव ठेवलं क्लाइव्ह. क्लाइव्ह लॉइड. रॉबर्ट क्लाइव्ह मद्रासला उतरला त्याला बरोबर दोनशे वर्षं झाली होती.

जानेवारी १९७५. मुंबईचं नवं वानखेडे स्टेडियम, तिथली पहिली कसोटी. लॉइड नाबाद २४२. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक तरुण प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारलं आणि त्यावरून स्टेडियममध्ये दंगल पेटली. आता विचार करा. मुंबईचा एक पोरगा क्लाइव्ह नावाच्या माणसाला भेटायला धावतो, त्याला मारतात म्हणून सगळं मैदान चिडतं. एकालाही त्या नावात अर्काट ऐकू येत नव्हतं. नाव तेच होतं, माणूस वेगळा होता. आणि तोही त्याच साम्राज्याच्या चरकातून निघालेल्या लोकांपैकी एक.

आता तो राखून ठेवलेला रॅडक्लिफ. जुलै १९४७ मध्ये सर सिरिल रॅडक्लिफ पहिल्यांदा भारतात आले आणि काही आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालच्या नकाशावर रेघ ओढली. ज्या बंगालपासून क्लाइव्हने सुरुवात केली, तोच बंगाल. म्हणजे इंग्रजी राज्याची पहिली कोनशिला ज्याच्या नावावर आहे तो कडा, आणि जाताना ज्याने जमीन चिरली तो तांबडा कडा. हा योगायोग आहे, मी यातून काही सिद्ध करत नाही. पण कोट्यवधी लोकांच्या पायाखालची जमीन तुटली, ती ज्यांच्या सहीने, त्या दोघांच्या आडनावात जमीन तुटते ती जागा आहे. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

इनिशिअल काय लिहू?

आता पुन्हा गुम्मिडिपूंडीला येऊ, कारण हा विषय माझ्या घरात संपलेला नव्हता.

तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत. इथे असतं इनिशिअल. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मग स्वतःचं नाव. १९२९ मध्ये चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद झाली. तिथे जातीची शेपटी नावातून काढून टाकायचा ठराव झाला आणि लोकांनी तो मनावर घेतला. नाव ऐकून समोरच्याची जात ओळखायची, ही आपल्याकडची खोड इथे सहज चालत नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

शाळेच्या अर्जात मुलाचं इनिशिअल विचारलं, तेव्हा माझा हात थबकला. आमच्या घरात सांगतात, मूळ पुरुष डोंगराच्या पायथ्याला राहायचा. कुठला डोंगर, हे सांगणारं कुणी उरलं नाही. आता डोंगरेसुद्धा अर्जातून गेलं, तर काय उरणार?

तेव्हा माझ्या शेजारच्या तमिळ मास्तरांनी मला समजावलं. ते म्हणाले, "आमचं गाव कुठे जात नाही, ते अक्षरात असतं." अण्णादुराईंचं नाव सी. एन. अण्णादुराई. त्यातला 'सी' म्हणजे कांजीवरम, इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं अक्षर. 'एन' म्हणजे वडील नटराजन. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावातला 'एम' म्हणजे मदुराई, आणि 'एस' म्हणजे त्यांची आई, षण्मुगवडिवू. म्हणजे जमीन इथेही नावात आहे. आपण ती प्रत्यय लावून मिरवतो, हे लोक एका अक्षरात घडी घालून ठेवतात.

मी अर्ज भरला. इथल्या रिवाजाप्रमाणे माझ्या नावाचं अक्षर लिहिलं. मुलाला विचारलं, चालेल ना? तो म्हणाला, "चालेल. क्लाइव्हच्या नातवाला किल्ला मिळाला, मला निदान क्रिकेटची बॅट द्या."

बॅट घेतली. पण एक गोष्ट मी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली आहे. आम्ही डोंगरे. मूळ पुरुष डोंगराच्या पायथ्याचा. डोंगराचं नाव, आणि पुढे रिकामी जागा. या दिवाळीत गावी जाऊ तेव्हा थोरल्या चुलत्यांना विचारायचं आहे. ते ऐंशीच्या पुढे आहेत. मी इतकी वर्षं विचारलं नाही, ही माझी चूक. चेशरमधला कडा मला सापडला तो पुस्तकात लिहिलेला होता म्हणून. आमचा डोंगर कुठे लिहिलेला नाही, तो असला तर त्यांच्याच आठवणीत आहे.

तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा, बडोद्यात, हैदराबादेत किंवा तंजावरात, तुमच्या आडनावात एखादा डोंगर, पठार, तळं, दरा दडला असेल, तर घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला आजच फोन करा आणि विचारा. अर्ज नंतर भरता येतो.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.